केकवॉकवरून रीपरवर, व्हाया अंबाजोगाई

केकवॉक, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचं आमचं सॉफ्टवेअर, बंद होणार ही बातमी आमच्यासाठी काही पहिल्यांदा नव्हती. नोव्हेंबर २०१७ ला गिब्सननं (हो हो, तेच गिटारवाले, २०१३ ला त्यांनी रोलँडकडून केकवॉक घेतलं होतं) जाहीर केलं की सोनारवर (केकवॉकचं तेव्हाचं नाव) आता पुढं काम होणार नाही, आणि १९८७ पासून, म्हणजे डॉसच्या जमान्यापासून चालत आलेलं सॉफ्टवेअर संपलं असं सगळे धरून बसले. मग फेब्रुवारी २०१८ ला बँडलॅब नावाच्या संगीतवाल्या कंपनीनं ते घेतलं आणि थोड्याच दिवसांत चक्क फुकट करून टाकलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात रेकॉर्डिंग करणाऱ्यांची तर दिवाळीच झाली राव, कारण त्याआधी जे चालायचं ते सोनार कुठून कुठून आलेलं असायचं हे सगळ्यांना माहितीय, त्यात मी काय बोलू. नंतर २०२३ ला परत सांगितलं की नवं केकवॉक सोनार येतंय, नेक्स्ट नावाचं एक सोपं सॉफ्टवेअर येतंय, आणि हे फुकटवालं हळूहळू थांबणार. तेव्हा ठरवलं की मशीनवर जुनं चालू आहे तोवरच सामान हलवायचं.

मी शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात घराच्या जुन्या भागात रेकॉर्डिंग करतो. घर माळवदाचं, भिंती मातीच्या आणि हातभर जाड, त्यामुळं खोलीत आवाज घुमत नाही, फोम लावायची गरज पडली नाही कधी. येणारे लोक म्हणजे भजनी मंडळं, गोंधळी, आराधी, एखादा शाहिरी पार्टीवाला, भीमगीतं गाणारी पोरं, आणि मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राच्या आधी तर लाइनच लागते. हे आधी सांगतोय कारण यूट्यूबवर सॉफ्टवेअर बदलायचे जेवढे व्हिडिओ आहेत ते सगळे बीट बनवणाऱ्यांसाठी आहेत, आणि आमचं काम त्याच्या बरोबर उलटं आहे. आमच्याकडं माणसं येतात, बसतात, एकदम सगळे मिळून वाजवतात आणि चहा पिऊन जातात.

आता लोक विचारतात, मग नवं सोनारच का नाही घेतलं? एकदम बरोबर प्रश्न आहे. जुन्या सीडब्ल्यूपी फायली (केकवॉकचे प्रोजेक्ट ज्यात सेव्ह होतात त्या) त्यात सरळ उघडतात, तोंडवळा तोच आहे, आणि २०२५ पासून त्यातला बराच भाग फुकटही मिळतो, काही गोष्टींसाठी मेंबरशिप लागते एवढंच. ज्याच्या केकवॉकमध्ये ढिगानं जुने प्रोजेक्ट पडलेत आणि जे सतत उघडावे लागतात त्यानं डोळे झाकून तिकडं जावं, उगा माझं ऐकून त्रास करून घेऊ नये. माझी अडचण वेगळी होती. माझं रेकॉर्डिंगचं मशीन मी मुद्दाम नेटला जोडत नाही, आणि अकाउंटला लॉगिन, अधूनमधून अ‍ॅक्टिव्हेशन हे जे काही असतं ना, ते नेमकं बुवा लोक बैलगाडीभर माणसं घेऊन दारात आल्यावरच आठवतं. आणि एक सांगू का, फुकट मिळालेली गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर चालते हे एकदा नाही दोनदा बघितल्यावर मला पैसे देऊनच काहीतरी घ्यावंसं वाटायला लागलं.

म्हणून रीपर, हेही रेकॉर्डिंगचंच सॉफ्टवेअर. हे ज्यानं बनवलं तो जस्टिन फ्रँकल म्हणजे विनॅम्पवाला! सायबर कॅफेत बसून विनॅम्पवर गाणी लावलेली पिढी आहे आपली, तेव्हा ही ओळख पुरेशी आहे. डाउनलोड पंधरा-वीस एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुद्धा चहा होईपर्यंत उतरतं. ६० दिवस पूर्ण चालतं, त्यात काहीच कापलेलं नसतं, नंतर स्वस्तातलं लायसन ६० डॉलरचं, म्हणजे पाच हजारांच्या वर जातं. ते घरगुती वापराला आणि ज्यांची धंद्याची वार्षिक उलाढाल २० हजार डॉलरच्या आत आहे त्यांना चालतं, आमची उलाढाल काय आहे ते आमची बायको सांगेल. सात नंबरच्या व्हर्जनवर घेतलं तर आठ नंबर संपेपर्यंत अपडेट मिळत राहतात. लायसनचा कोड एकदा टाकला की विषय संपला, परत नेट मागत नाही.

खरं काम सामान हलवायचं आहे, आणि इथंच बहुतेक लोक दमतात. सीडब्ल्यूपी फाइल रीपर उघडत नाही. प्रोजेक्टच्या ऑडिओ फोल्डरमध्ये वेव्ह फायली असतात म्हणून काही जण तोच फोल्डर उचलून नव्यात टाकतात आणि मग बघत बसतात, कारण कुठला तुकडा कुठल्या सेकंदाला बसतो हे त्या फोल्डरमध्ये नाही, ते सीडब्ल्यूपीमध्ये आहे. पखवाज सुरू होतो तेव्हा अभंग संपलेला असतो अशी अवस्था. त्यामुळं प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग एक्स्पोर्ट करायचा, सगळे एकाच लांबीचे, ज्या सॅम्पल रेटला रेकॉर्ड केलं त्याच रेटला, २४ बिट. मग सगळे एकदम उचलून रीपरमध्ये सोडायचे, ते विचारतं वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवू का, हो म्हणायचं, की सगळं जागच्या जागी.

त्यात एक गोष्ट बघा. प्रत्येक ट्रॅक दोनदा काढायचा, एकदा कोरा आणि एकदा इफेक्टसकट. कारण केकवॉकमधलं प्रोचॅनल म्हणजे त्या ट्रॅकच्या कडेला असलेलं ईक्यू (आवाजातला खर्ज-तार कमीजास्त करणारं), कॉम्प्रेसर (अचानक मोठा झालेला आवाज आवरणारा), ते टेप-ट्यूबवालं सगळं, ते केकवॉकच्या बाहेर चालतच नाही. माझ्या निम्म्या जुन्या गाण्यांचा आवाज त्यात होता. इफेक्टवाली फाइल असली की निदान कानाला आठवण राहते आवाज कसा होता, मग कोऱ्यावर नव्यानं बसवता येतो. मिडी (म्हणजे आवाज नाही, कीबोर्डचा कुठला सूर कधी वाजला याची नोंद) असेल तर ते स्टँडर्ड मिडी फाइल म्हणून टाइप १ मध्ये सेव्ह करायचं, टेम्पो पण त्याच्याबरोबर येतो.

आणि सगळे प्रोजेक्ट हलवू नका! हे मी कळकळीनं सांगतो. मी तीन ढीग केले. ज्यांचं मिक्सिंग परत होणार ते पूर्ण हलवले. जे लोकांना देऊन झालेत, पैसे पण मिळालेत (किंवा मिळणार नाहीत हे पक्कं झालंय), त्यांचे फक्त ट्रॅक आणि फायनल मिक्स काढून ठेवले. तिसरा ढीग म्हणजे ज्यांचं काहीच होणार नाही पण टाकवत नाही, म्हणजे म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, आमच्या गल्लीतल्या एका आज्जींनी सहज बसल्या बसल्या म्हटलेलं भारूड, असलं. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी हाच ढीग काढला पाहिजे, कारण कीर्तनाचं गाणं परत रेकॉर्ड करता येतं, हे नाही येत. याला तर इफेक्ट वगैरे काही नकोच, सरळ वेव्ह फायली, फाइलच्या नावातच गाव आणि साल, दोन वेगळ्या डिस्कवर.

रीपरची आरपीपी फाइल, म्हणजे प्रोजेक्टची फाइल, साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडली तरी ट्रॅकची नावं, कुठली वेव्ह कुठं आहे, व्हॉल्यूम किती हे वाचता येतं. उद्या रीपर पण बंद पडलं तर निदान माणसाला वाचून कळेल काय कुठं ठेवलंय. मला या एका गोष्टीनं जेवढा दिलासा दिला तेवढा दुसऱ्या कशानं नाही.

आता लयीचं. कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, ते १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) आणि चार-चार ठोक्यांच्या चौकटींचा ग्रिड मांडून बसलेलं असतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, कागदावर तो चार-चारमध्ये बसतो, पण बसतो म्हणजे काय, बुवांनी विलंबित उचललेला अभंग गजरापर्यंत जाता जाता लय चढत चढत दुप्पट होते आणि ती चढली पाहिजे, नाही चढली तर टाळकरी झोपतील. मेट्रोनोमवर हे होत नाही. एका पेटीवाल्या काकांना मी पूर्वी कधीतरी हेडफोनमध्ये क्लिक दिला होता, ते म्हणाले, “सर, ह्ये टिकटिक बंद करा की ओ, देवाचं नाव घ्यायलोय का घड्याळ दुरुस्त करायलोय?” तेव्हापासून क्लिक नाही.

तर रीपरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की पहिलं काम, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन टाइमबेस ‘बीट्स’वरून ‘टाइम’वर आणायचा. नाहीतर नंतर टेम्पोचा आकडा बदलला की रेकॉर्ड केलेला आवाज पण ताणला जातो, आणि मूळचं ते तसंच लावून ठेवलेलं असतं. टाइमवर आणलं की टेम्पो काहीही करा, आवाज जागचा हलत नाही. मग ज्या गाण्यात मागून कीबोर्ड भरायचाय तिथंच फक्त मी समेपासून समेपर्यंत सिलेक्ट करतो आणि ‘क्रिएट मेजर फ्रॉम टाइम सिलेक्शन’ चालवतो, म्हणजे ग्रिड माणसाच्या मागं येतो. अख्ख्या अभंगाला हे करत बसलं तर दुपार जाते. केकवॉकमध्ये मेलोडाइन (सूर दुरुस्त करायचं जोड-सॉफ्टवेअर) असलं तर क्लिप वर टाइमलाइनवर ओढली की ते आपलं आपण टेम्पो काढायचं, ती सोय इथं आठवते, तरी टाळांच्या गोंगाटात तेही गोंधळायचंच.

पेटीच्या सुराचं पण तसंच. काळी दोन म्हणून बुवा जी पट्टी देतात ती पेटी जुनी असली की कॉम्प्युटरच्या काळी दोनपेक्षा थोडी इकडं तिकडं असतेच. तिथं ऑटोमॅटिक ट्यून लावलं की गळा कॉम्प्युटरच्या सुरात जातो आणि पेटी तिथंच राहते, मग दोघं भांडतात. मी उलटं करतो, तानपुऱ्याची फाइल आयटम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पिचच्या पॉइंटाच्या पुढच्या आकड्यात खालीवर करून पेटीला मिळवतो. पेटी मालक, बाकी सगळे नोकर.

दिसायला रीपर म्हणजे तहसीलमधला फॉर्म आहे, करड्या रंगाच्या चौकटीच चौकटी. रीईक्यू, रीकॉम्प म्हणजे त्यातलेच ईक्यू आणि कॉम्प्रेसर, त्यांना काही शोभा नाही, पण काम चोख करतात. त्यातलं रीएफआयआर (नको तो आवाज वजा करणारं) मात्र आमच्या भागात सोन्यासारखं आहे. मे महिन्यात पंखा बंद करून पाच मिनिटं रेकॉर्डिंग करून दाखवा इकडं, टाळकरी शर्ट काढून बसतात. मग पंखा चालूच ठेवायचा, गाण्याआधी थोडी शांतता रेकॉर्ड करायची, सबट्रॅक्ट मोडमध्ये त्याला तेवढा पंखा शिकवायचा आणि बाकीच्यातून वजा करायचा. जास्त केलं की गळा पाण्यातून आल्यासारखा होतो, तेव्हा बेतानं.

हाताच्या सवयीचं म्हणाल तर केकवॉकमध्ये ‘आर’ दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, रीपरमध्ये ‘आर’ म्हणजे लूप चालू-बंद आणि रेकॉर्डला कंट्रोल-आर. अ‍ॅक्शन लिस्टमध्ये जाऊन हे आधी बदलून टाका, बाकीचं शिकत बसा. ट्रॅकचं मात्र बरं आहे, ऑडिओचा वेगळा, मिडीचा वेगळा, बस (अनेक ट्रॅक एकत्र आणायची जागा) वेगळी असलं काही नाही, सगळे ट्रॅक सारखेच, एकाच्या पोटात बाकीचे टाकले की तो फोल्डर होतो आणि तोच बस. टाळ, पखवाज, पेटी, कोरस असे चार फोल्डर करून ठेवलेत, मंडळ कुठलं का असेना.

संबळ अजून जमत नाहीये. दोन भांडी, दोन माइक, एकीकडं घुमारा आणि दुसरीकडं काडीचा तडाखा, तो तडाखा केकवॉकच्या प्रोचॅनलमधल्या कॉम्प्रेसरनं मस्त सांभाळला जायचा, रीकॉम्पमध्ये अटॅक (कॉम्प्रेसरनं आवाज धरायला घेतलेला वेळ) कितीवर ठेवायचा ते अजून बसत नाहीये, कमी केला की काडी मरते, वाढवला की मीटर लाल. कुणी गोंधळ रेकॉर्ड करत असाल रीपरवर, तर आकडे टाका खाली, नवरात्राच्या आत पाहिजेत.