आईचं जन्मगाव शोधताना : एक जुना फोटो आणि नीरेचा कॅनॉल

आईच्या ट्रंकेत तळहाताएवढा एक कृष्णधवल फोटो होता. दगडी कमानीची मोरी, भरून वाहणारं पाणी, त्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि घागर घेतलेली माझी आजी. कडेला आणखी एक बाई, अर्धीच आलेली. मागे आजोबांच्या अक्षरात एवढंच : ‘कॅनॉल, संक्रांत’. आजोबा पाटबंधारे खात्यात, सारख्या बदल्या. आई तेव्हा पाळण्यात. ‘मी जन्मले ते ठिकाण एकदा बघू दे,’ एवढंच ती म्हणाली.

सोलापुरात ज्याला दाखवावा तो म्हणे, उजनीचा कालवा. पण उजनी धरण पुरं झालं 1980 साली, आणि आई त्याच्या कितीतरी आधीची. एकरुख किंवा आष्टी तलावाचे पाट एवढे रुंद नाहीत. राहिला ब्रिटिशांच्या काळातला नीरा उजवा कालवा. नीरा नदीवरच्या वीर धरणापासून निघून तो फलटण, माळशिरसवरून पंढरपूर-सांगोल्याकडे येतो.

फोटोनंही तेच सांगितलं. पाणी आपल्यापासून लांब जातंय, डाव्या हाताला खाली उसाचे फड, उजवीकडे उघडा माळ. उजव्या कालव्याचं असंच असतं. प्रवाहाच्या दिशेनं तोंड केलं की नदी आणि बागायत डावीकडे येते. संक्रांतीला सूर्य दक्षिणेकडे असतो आणि फोटोतल्या सावल्या डावीकडे पडल्यात. म्हणजे पाणी पूर्वेकडे चाललंय. तुमच्याकडे असा फोटो असेल तर घरातून निघण्याआधी एवढं नक्की पाहा, निम्मी पायपीट वाचते.

सोलापूरहून पंढरपूरमार्गे गाठलं माळशिरस तालुक्यातलं वेळापूर. एसटीनं सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात तर नकोच. आषाढीच्या दिवसांत हा पालखीचा रस्ता असतो, तेव्हाही टाळा.

पहिल्या दिवशी माझी मोठी चूक झाली. पारावर बसलेल्या मंडळींना मोबाइलवर फोटो दाखवून विचारलं, ‘ही तुमच्याकडचीच मोरी ना?’ एक आबा हो म्हणाले, की सगळ्यांच्या माना हलल्या. जाऊन पाहिलं तर तिथं कमानच नव्हती, सपाट स्लॅब होता. दुसऱ्या खेपेला फोटो मोठा करून कागदावर छापून नेला, एकेकाला वेगळं गाठलं आणि फक्त ‘हे कुठलं असेल?’ एवढंच विचारलं. एका निवृत्त पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणाऱ्या) मामांनी कमानीवरून तीन मोऱ्या सांगितल्या. त्यांतली कुठली, ते त्यांनाही सांगता येईना.

ते सांगितलं एका आजींनी. त्यांनी मोरीकडे पाहिलंच नाही. बोट थेट पायऱ्यांशेजारच्या दगडावर. ‘ह्यो आमचा धुण्याचा दगूड. हितं टवका उडालाय बघ. पाळी सुटली की पानी तिसऱ्या पायरीला लागायचं, मग लेकरांस्नी वर बसवायचो.’ मी फोटो शंभरदा पाहिला होता. तो टवका मला सावलीचा डाग वाटला होता. म्हणून कळकळीनं सांगते, बायकांना विचारा. पाराजवळ न थांबता वस्तीवर जा, सोबत घरातली एखादी बाई असू द्या, आणि चहाला नाही म्हणू नका.

आठवडाभरानं आईला घेऊन गेले. आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडायची पाळी, बंद होतं, त्यामुळे पायऱ्या तळापर्यंत उघड्या. जागा ओळखायला हीच वेळ चांगली. पाणी सुटलेलं असताना मात्र काठाशी जाऊ नका. वरून संथ दिसतं, आत ओढ फार. मोरीला आता सिमेंटचा गिलावा आहे, माळावर वेडी बाभूळ माजलीय. दगड तिथंच आहे. टवका उडालेली कड घासून घासून गुळगुळीत झालेली. आई त्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली.

आजी मागून काठी टेकत आल्या. फोटो पुन्हा मागितला, डोळ्यांशी नेला आणि कडेच्या त्या अर्ध्या बाईवर बोट टेकवलं. ‘ही माझी थोरली जाऊ. पुढच्या बाळंतपणात गेली. तिचा फोटू आमच्यात कुनाकडंच न्हाई.’

स्टुडिओत दोन मोठ्या प्रती सांगितल्यात, एक त्यांच्या घरी लावायला. रविवारी देऊन येणार आहोत.