तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी बँक परदेशी एमएससाठी (पदव्युत्तर शिक्षणासाठी) कर्ज देते का?

"सरकारी बँक खरंच कर्ज देते का हो, की नुसते हेलपाटे घालायला लावते?" हे विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा विद्यापीठाचं ऑफर लेटर असतं आणि फी भरायची तारीख तोंडावर आलेली असते. उत्तर आहे, देते. पण ज्या तयारीला दोन-तीन महिने लागतात ती तीन आठवड्यांत उरकायची म्हटलं की बँक वाईट आणि नियम वाईट असं वाटायला लागतं. बँकेत दिरंगाई होत नाही असं मी म्हणणार नाही. "साहेब रजेवर आहेत", "फाइल वर गेलीये" हे सगळं खरं आहे. तरीही अडलेल्या फायलींपैकी फार थोड्या तिथे अडतात.

आधी दोन योजनांबद्दल, कारण त्यांच्या भरवशावर लोक महिने घालवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शिक्षण कर्ज योजना भारतातल्याच निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची 'पढो परदेश' ही व्याज अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद आहे.

बँकांच्या नेहमीच्या योजनेची चौकट साधी आहे. चार लाखांपर्यंत पालक सहकर्जदार असले की पुरतं. चार ते साडेसात लाखांत त्रयस्थ जामीनदार येऊ शकतो आणि साडेसातच्या वर तारण लागतं. काही बँकांची नामवंत विद्यापीठांची यादी असते, त्यात नाव असेल तर तारणाशिवाय मोठी रक्कम मिळते. तेव्हा ती यादी अर्ज करायच्या विद्यापीठांची निवड करतानाच बघा. बाकीच्यांना चाळीस लाख हवे असतील तर घर गहाण ठेवावं लागणार. मुलाचे मार्क, जीआरई ही प्रवेश परीक्षा, ऑफर या गोष्टींचा प्रश्न शाखेत पंधरा मिनिटांत मिटतो. पुढचे दोन महिने जातात ते घराच्या कागदांत.

इथे काय होतं ते नीट सांगतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकीचा शोध घेतो, साधारण तीस वर्षं मागे जाऊन. फ्लॅट तुम्ही १९९८ साली दुसऱ्याकडून विकत घेतला असेल तर तुमचा करारनामा पुरत नाही. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेला मूळ करारही लागतो, मधल्या प्रत्येक व्यवहाराचाही. त्यातला एक हरवलेला असला की पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, आणि एवढं करूनही वकील नकारार्थी शेरा मारू शकतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली अधिकृत परवानगी, नसलेल्या इमारती तर कितीतरी आहेत, आणि फाइल तिथेही अडते. शेतजमीन तारण म्हणून चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. जवळपास नाहीच चालत, कारण कर्ज थकलं तर बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यातली जप्तीची तरतूद शेतजमिनीला लागू नाही, मग बँक ती कशाला घेईल? गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. भूमी अभिलेख खात्याचं मालमत्ता पत्रक असेल तर बोलता येतं.

आणि सगळ्यात दुखरी गाठ म्हणजे घर आजोबांच्या नावावर असणं. आजोबा गेले, सोसायटीने नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव लावलं, वीस वर्षं मेन्टेनन्स वडीलच भरतायत. घरातल्या कुणालाही ते घर दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. वकील मात्र लिहितो: इतर वारसांची हक्कसोडपत्रं (आपला हिस्सा सोडल्याचे दस्त) सादर करावीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आत्याचा हिस्सा तितकाच आहे, काकांचाही. मग वीस वर्षांत न निघालेला विषय मुलाच्या अॅडमिशनच्या निमित्ताने निघतो. आत्या दुबईत असेल तर तिथल्या वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र हवं, ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र. आत्याने विचार करायला वेळ मागितला तर तिला दोष देऊ नका, हक्क तिचा आहे. हे बोलणं ऑफर लेटरच्या वर्षभर आधी व्हायला हवं होतं, एवढंच.

कागद स्वच्छ निघाले की मूल्यांकन, मंजुरी, मूळ दस्त बँकेत जमा. महाराष्ट्रात त्यानंतर तीस दिवसांत 'नोटीस ऑफ इंटिमेशन', म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, निबंधक कार्यालयात दाखल करावी लागते. वकील, मूल्यांकनकार, मुद्रांक, हा सगळा खर्च तुमचा.

व्याजाकडे लोक शेवटी बघतात. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालूच असतं. चाळीस लाख सुरुवातीलाच उचलले आणि दर १० टक्के धरला तर दोन वर्षांचं एमएस आणि पुढचं एक वर्ष, अशा तीन वर्षांत बारा लाख व्याज मुद्दलात मिसळतं. मग बावन्न लाखांवर पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे ५५,९०० रुपये येतो. त्या तीन वर्षांत दरमहा ३३,३०० रुपये व्याज भरत राहिलात तर हाच हप्ता सुमारे ४३,००० वर थांबतो, शिवाय अनेक बँका त्या काळासाठी दरात एक टक्का सूट देतात. प्रत्यक्षात पैसे सत्रागणिक सुटतात, म्हणून आकडा थोडा कमी येईल. आणखी एक: मंजुरी रुपयांत असते आणि फी डॉलरमध्ये. रुपया घसरला की दुसऱ्या वर्षी मंजूर रक्कम कमी पडते आणि वाढीव कर्जासाठी फाइल पुन्हा वर जाते. सुरुवातीलाच थोडी जास्त मर्यादा मागून घ्या, न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. एकूण खर्चातला तुमचा स्वतःचा वाटा, बहुधा पंधरा टक्के, एकदम दाखवायची गरज नसते. तो हप्त्याहप्त्याने भरता येतो आणि स्कॉलरशिप त्यातच धरतात.

पूर्वी मी कुणालाही सांगत असे, खासगी वित्तसंस्थेच्या दारात जाऊ नका, व्याज जास्त, प्रोसेसिंग फी जास्त. ते आकडे आजही तसेच आहेत, फक्त तिथे तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. पण आईवडिलांचं एकुलतं घर, वडील निवृत्तीला आलेले, आणि नोकरीचा सगळा भरवसा परदेशातल्या व्हिसाच्या नियमांवर, असं असताना दीड-दोन टक्के वाचवायला घर लावा असं मला आता ठामपणे म्हणवत नाही. लावू नका असंही म्हणवत नाही, कारण तेच दोन टक्के पंधरा वर्षांत लाखांत जातात. शिवाय विनातारण कर्जालाही सहकर्जदार पालकच असतो, वसुलीला वित्तसंस्थावालेही त्याच्याच दारात येतात.

"शाखेने नाही सांगितलं" म्हणून परत येऊ नका. तोंडी नाही म्हणजे नकार नव्हे. अर्जाची पोच घ्या. नाकारायचं असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती घेऊन लेखी कारण द्यावं असं इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेच्या शिक्षण कर्जाच्या आदर्श योजनेतच आहे. तुम्ही शाखेच्या हद्दीत राहत नाही, एवढ्यावर अर्ज नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावलेलं आहे. लेखी मागितलं की बऱ्याचदा तीच फाइल पुढे सरकते.