दोनदा मोजलेला दिवस

अमेरिकेतला बेसबॉलपटू स्टॅन म्युझिअलचे आकडे पहिल्यांदा वाचले की छापखान्याची चूक वाटते. सेंट लुईस कार्डिनल्सकडून २२ हंगाम खेळलेल्या या फलंदाजाच्या नावावर ३६३० हिट्स आहेत. हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीची मदत न होता, सुखरूप बेस, म्हणजे मैदानावरचा ठरलेला टप्पा, गाठणं. त्यातल्या घरच्या मैदानावर १८१५ आणि बाहेरगावी १८१५. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. या माहितीचा उपयोग काय, तर काहीही नाही. तरी ती एकदा वाचली की डोक्यातून जात नाही.

मी बेसबॉल बघतो कमी आणि वाचतो जास्त. बघताना अर्धा वेळ माणसं नुसती उभी असतात, टोप्या सारखी करतात, थुंकतात. वाचायला मात्र या खेळासारखा खेळ नाही. हँक आरनचंच घ्या. कारकिर्दीत ७५५ होमरन, म्हणजे एका फटक्यात सगळे बेस पार. आता त्यातला प्रत्येक होमरन खोडून टाका, जणू तो कधी मारलाच नव्हता. तरी त्याच्या ३७७१ हिट्सपैकी ३०१६ शिल्लक राहतात, आणि ३००० हिट्स म्हणजे एरवी थोरांच्या पंगतीत बसण्याची लायकी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जग त्याला ओळखतं, ती वजा करूनही तो मोठाच उरतो.

या हिशेबीपणाचं मूळ गंमत म्हणजे क्रिकेटमध्ये आहे. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. लहानपणी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि १८५०च्या दशकात बेसबॉलच्या नादी लागला. क्रिकेटचा धावफलक त्याला पाठ होताच. त्याच धर्तीवर त्याने या नव्या खेळाचा तक्ता रुजवला, सरासरी, म्हणजे मिळालेल्या संधींपैकी किती वेळा हिट, मोजायची सवय लावली. क्रिकेटची नजर मात्र सुटली नाही. पिचरने चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. चॅडविकच्या लेखी ती निव्वळ गोलंदाजाची चूक. फलंदाजाला कसलं श्रेय? पुढे १८८७मध्ये नियम करणाऱ्यांनी दुसरं टोक गाठलं आणि त्या एका वर्षापुरतं वॉकलाही हिट मानलं. सरासऱ्या अशा फुगल्या की पुढच्या वर्षी मुकाट्याने नियम मागे घ्यावा लागला.

हे सगळं सांगायचं कारण १९१०. माझ्या मते बेसबॉलच्या इतिहासातली सगळ्यात सुरस भानगड मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त घडली, ती ही.

त्या वर्षी चाल्मर्स या मोटारकंपनीने जाहीर केलं, ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वांत जास्त त्याला एक गाडी बक्षीस. गाडी ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. शर्यतीत उरले दोघे. डेट्रॉइटचा टाय कॉब, अफाट फलंदाज आणि तितकाच नकोसा माणूस. दुसरा क्लीव्हलँडचा नॅप लाजवे. हा इतका लाडका की त्याच्या संघालाच लोक ‘नॅप्स’ म्हणत. कॉबने पुढे असल्याची खात्री करून घेतली आणि शेवटचे दोन सामने चक्क बाहेर बसला. सरासरी जपायला! बेसबॉलमध्ये दहातून तीनदा जमलं तरी फलंदाज चांगला ठरतो, सातदा बाद होणं धरलेलंच असतं. त्यामुळे खेळण्यात खरोखर धोका होता.

९ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये लाजवे एका दिवसात दोन सामने खेळला. सेंट लुईसच्या मॅनेजरने, जॅक ओ’कॉनरने, तिसऱ्या बेसवरच्या नवख्या पोराला मागे, पार गवतात जाऊन उभं राहायला सांगितलं. लाजवेने काय समजायचं ते समजून घेतलं. बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवायचा, ज्याला बंट म्हणतात, आणि तिसऱ्या बेसकडे सोडून धावत सुटायचं. दिवसाअखेर त्याच्या खात्यात आठ हिट्स जमल्या, बहुतेक अशाच. एका चेंडूवर हिट द्यायची की नाही असा प्रश्न आला, तेव्हा तिथल्या एका प्रशिक्षकाने अधिकृत गुणलेखकाला नवा सूट शिवून देण्याची लालूच दाखवली. गुणलेखक बधला नाही. कॉबच्या स्वतःच्याच संघातल्या काहींनी लाजवेला अभिनंदनाची तार केली म्हणतात. खरं असेल, तर माणूस सहकाऱ्यांच्या मनातून किती उतरला असावा!

लीगच्या अध्यक्षांनी हिशेब तपासून घेतला. मॅनेजर आणि प्रशिक्षक, दोघांची नोकरी गेली आणि कॉब विजेता ठरला. फरक हजारात एकाहूनही कमी. चाल्मर्सवाल्यांनी शहाणपणा करून दोघांनाही गाड्या दिल्या. एवढ्या जाहिरातीपुढे एका गाडीची किंमत ती काय?

विषय इथे मिटायला हवा होता. पण सुमारे सत्तर वर्षांनी पीट पामर नावाचा संशोधक जुन्या नोंदी चाळत बसला असताना त्याला दिसलं की डेट्रॉइटच्या एका सामन्याची नोंद वहीत दोनदा झाली आहे. त्या सामन्यात कॉबने तीनपैकी दोनदा हिट मारली होती, आणि त्याच दोन पुन्हा बेरजेत धरल्या गेल्या होत्या. ती जास्तीची नोंद काढली की १९१०चा पहिला नंबर जातो लाजवेकडे. १९८१मध्ये हे छापून आलं. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी ऐकून घेतलं आणि निकाल बदलायला नकार दिला. इतक्या वर्षांनी कशाला, असा एकूण सूर.

म्हणजे त्या दिवशी बंट करून करून लाजवेचं काम झालेलंच होतं, आणि कॉबचं बाहेर बसणं वाया गेलेलं होतं. ते दोघेही हे न कळताच गेले.

त्या दोन हिट्सचं शेपूट पुढे आणखी लांबलं. कॉबच्या कारकिर्दीचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता, ४१९१. तो मोडण्यासाठी पीट रोझ १९८५मध्ये धडपडत होता. रोझ सिनसिनाटीचा खेळाडूही होता आणि मॅनेजरही. ८ सप्टेंबरला शिकागोमध्ये तो स्वतःला खेळवणार नव्हता, कारण समोरचा पिचर डावखुरा होता. विक्रम आपल्या गावी, आपल्या लोकांसमोर व्हावा हा हिशेबही त्यात बसत होता. पण तो डावखुरा पिचर सायकलवरून पडला! त्याच्या जागी उजव्या हाताचा आला, रोझ मैदानात उतरला आणि दोन हिट्स मारून बसला. ४१९०, ४१९१. बरोबरी झाली, सगळ्यांचा जीव टांगणीला. ११ तारखेला सिनसिनाटीत ४१९२वी हिट आली आणि उत्सव झाला.

आता कॉबचा दोनदा मोजलेला सामना आठवा. खरा आकडा ४१८९ धरला, आणि आज बरेच संशोधक तोच धरतात, तर विक्रम शिकागोतच मोडला होता, एका सायकलच्या कृपेने. सिनसिनाटीतला सगळा जल्लोष तीन दिवस शिळा होता.

कूनना वही दुरुस्त करायची नव्हती, तर १९९१मध्ये एका समितीला नको तिथे दुरुस्तीची हौस आली. नऊ किंवा जास्त डाव टाकून सामना संपेपर्यंत एकही हिट न देणं, अशी ‘नो-हिटर’ची कडक व्याख्या त्यांनी केली आणि जुने पन्नासेक सामने यादीतून काढले. त्यात हार्वी हॅडिक्स गेला. १९५९मध्ये मिलवॉकीत या पिचरने सलग १२ डाव एकाही फलंदाजाला पहिला बेस गाठू दिला नव्हता. ३६ आले, ३६ गेले. पण त्याच्या पिट्सबर्ग संघाला एक धाव काढता येईना. तेराव्या डावात एक चूक झाली, मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला. त्यातही गोंधळ असा की पुढे धावणारा आरन, हो तोच, वाटेत मार्ग सोडून निघून गेला आणि अॅडकॉक त्याला ओलांडून गेल्यामुळे बाद ठरला. होमरनची नुसती डबल, म्हणजे दोन बेसची हिट, झाली, तिनाऐवजी एकच धाव धरली गेली. हॅडिक्स हरला तो हरलाच. वर बत्तीस वर्षांनी समितीने सांगितलं की तसं काही झालंच नव्हतं. हा निर्णय मला अजून पचत नाही.

एडी गेडेल मात्र खोडला गेला नाही. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस ब्राउन्सच्या मालकाने, बिल वेकने, ३ फूट ७ इंच उंचीच्या या माणसाला पाठीवर १/८ असा क्रमांक घालून फलंदाजीला पाठवलं. हसू नका, करारपत्र तयार होतं. इतक्या बुटक्या माणसासमोर चेंडू टाकायचा कुठे? चार वाईट चेंडू, वॉक, बदली धावपटू, टाळ्या. लीगने लगेच त्याचा करार रद्द केला. पण त्याची ओळ आजही नोंदीत आहे: फलंदाजीला आला एकदा, बेसवर पोचला एकदा. शंभर टक्के यश. कॉबला जन्मात जमलं नाही ते.

कॉबचं नाव निघालंच आहे, तर त्याची आणखी एक जागा गेली ती सांगतो. कारकिर्दीच्या सरासरीत .३६७सह तो वर्षानुवर्षं पहिला होता. मे २०२४मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलच्या संघटनेने, १९२० ते १९४८ या काळात काळ्या खेळाडूंना ज्या वेगळ्या लीगमध्ये खेळावं लागलं, तिथले आकडे आपल्या अधिकृत वहीत घेतले. आता पहिला आहे जॉश गिब्सन, .३७२. तो जानेवारी १९४७मध्ये वारला. वर्णभेदाची ती भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला त्याच वर्षी एप्रिलमध्ये. गिब्सनच्या लीगमधल्या सगळ्या सामन्यांचे तक्ते अजून हाती आलेले नाहीत. संशोधक जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक हुडकून काढताहेत, त्यामुळे .३७२ हा आकडा अजून थोडा वरखाली होईल.