बोसोर्मेन्यीचा पाठलाग : आठव्या महिन्याचा हिशेब

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की बोसोर्मेन्यी आडनावाची माणसं म्हणजे मध्ययुगीन हंगेरीतल्या मुसलमानांचे वंशज. ते वाक्य आज मागे घेतो. चूक अशी आहे की मराठी माणसाने तरी ती करायला नको होती. कशी ते पुढे येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पुतणी मानसशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात कौटुंबिक उपचारपद्धतीच्या एका जनकाचं नाव होतं, इव्हान बोसोर्मेन्यी-नॉद्य. जन्म १९२० चा, बुदापेस्टचा. १९५० मध्ये अमेरिकेला गेले आणि २००७ मध्ये वारले. "काका, तुम्हाला आडनावांचं वेड आहे ना, मग हे वाचायचं कसं ते सांगा," म्हणाली. मी म्हटलं, रात्री सांगतो. त्याला आता आठ महिने झाले.

वाचण्याचंच आधी उरकतो. हंगेरियन लिपी रोमन असली तरी तिचे कायदे निराळे. नुसता 'एस' म्हणजे श, आणि 'एस' ला 'झेड' जोडला की स. म्हणून त्यांची राजधानी त्यांच्या तोंडी 'बुदॉपेश्त'. 'एन-वाय' म्हणजे आपला ञ, वर्णमालेत पाठ केलेला आणि नंतर जन्मात कधी न लागलेला. इथे तो लागतो. खरं तर 'बोसोर्मेञी' असंच लिहायला हवं, पण टंकताना हात अडतो म्हणून मी 'न्य' वर भागवतो. दोन्ही 'ओ' वर दोन-दोन टिंबं आहेत. ओठ 'ओ' चे ठेवायचे आणि आतून 'ए' म्हणायचा. आरशासमोर करून बघा, घरात कोणी नसताना.

आता शब्द. 'बोसोर्मेन्य' म्हणजे जुन्या हंगेरियनमध्ये मुसलमान. आणि हा शब्द आपल्या 'मुसलमान' चाच सख्खा भाऊ आहे. फारसी 'मुसल्मान' तुर्की बोलींत शिरला, तिथे म चा ब झाला, ल चा र झाला, आणि 'ब्युस्युर्मेन' सारखं काहीतरी तयार झालं. तेच हंगेरियनांनी उचललं. रशियनांनीही उचललं, त्यांच्याकडे तो 'बासुरमान' झाला आणि परधर्मीयाला हिणवायला वापरला जाऊ लागला. पोलिशमध्ये 'बिसुरमान'. रशियात उदमुर्तियाच्या भागात 'बेसेरम्यान' नावाचा एक छोटा समाज आजही आहे. त्यांची बोली उदमुर्त आणि धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. नावावरून धर्म ओळखायला जाऊ नये याचा धडा मला तिथेच मिळायला हवा होता. मिळाला नाही.

हंगेरीत मध्ययुगात मुसलमान होते यात शंका नाही. ग्रानाडाचा प्रवासी अबू हामिद अल-घरनाती ११५० ते ११५३ अशी तीन वर्षं तिथे राहिला आणि त्यांच्याबद्दल लिहून गेला. पुढे याकूत या भूगोलकाराला हंगेरीतून शिकायला आलेले मुसलमान विद्यार्थी थेट अलेप्पोत भेटले. ही माणसं टांकसाळीत, मिठाच्या कारभारात, जकातीच्या नाक्यावर असायची. म्हणूनच १२२२ च्या सुवर्ण सनदेत, 'गोल्डन बुल' म्हणतात ती, कलम घातलं गेलं की नाणी, मीठ आणि जकात या जागांवर राज्यातले सरदारच नेमायचे, 'इश्माएली' (म्हणजे हेच मुसलमान) आणि यहुदी नकोत. कलम घालावं लागलं म्हणजे तोवर नेमणुका होतच होत्या, हे उघड आहे. (जुने मनाई हुकूम वाचायची ही माझी आवडती रीत. 'अमुक करू नये' दिसलं की समजावं, लोक तेच करत होते.)

इथवर मागच्या वेळी आलो होतो आणि उडी मारली होती. शब्द मुसलमान, आडनावात तोच शब्द, म्हणून पूर्वज मुसलमान. सरळ हिशेब.

हिशेब चुकला तो शेवटच्या 'ई' पाशी. हंगेरियनमध्ये गावाच्या नावाला 'ई' लावली की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. सेगेड, सेगेदी. देब्रेत्सेन, देब्रेत्सेनी. म्हणजे ही 'ई' आपला 'कर' आहे! बोसोर्मेन्यी म्हणजे 'बोसोर्मेन्यकर'. सासवडकर आडनावाचा माणूस सासवडचा, एवढंच आपण म्हणतो. सासवड या नावाचं मूळ काय, त्याच्याशी त्या घराण्याच्या रक्ताचा संबंध जोडत नाही. मी मात्र आठ महिने तेच करत बसलो होतो.

गावाचं नाव मात्र त्या लोकांवरूनच पडलं. हंगेरीत अशी गावं पुष्कळ आहेत, बेशेन्यो हे पेचेनेग या तुर्की भटक्या लोकांवरून, नेमेती जर्मनांवरून. पण वंशपरंपरेने चालणारी आडनावं तिकडे साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकात पक्की होत गेली. तोवर तिथला मुसलमान समाज ख्रिस्ती होऊन विरून गेला होता. शब्द उरला तो गावाच्या पाटीवर, आणि पाटीवरून आडनावात गेला.

गावं दोन आहेत, आज नकाशावर सहज दिसणारी. एक हायदूबोसोर्मेन्य, देब्रेत्सेनच्या वायव्येला. दुसरं बेरेकबोसोर्मेन्य, रोमानियाच्या हद्दीला टेकलेलं. दोन्ही आज एकाच हायदू-बिहार जिल्ह्यात. पहिल्याची गंमत अशी, की तिथली वस्तीच मध्ये बदलली. एकेकाळी त्याला 'रात्सबोसोर्मेन्य' म्हणत, 'रात्स' म्हणजे सर्ब. मग १६०९ मध्ये गाबोर बाथोरी या ट्रान्सिल्वेनियाच्या राजाने ते हायदूंना दिलं. हायदू म्हणजे मूळचे गुरं हाकणारे, पुढे भाडोत्री सैनिक झालेले लोक. इश्तवान बोच्काय याने १६०५ मध्ये सनद देऊन त्यांना जमिनी आणि हक्क दिले, तेव्हापासून त्यांची गावं वसत गेली. १८७६ पर्यंत हायदूंच्या वेगळ्या मुलुखाचं मुख्य ठाणं हेच होतं. तेव्हा आजच्या हायदूबोसोर्मेन्यमध्ये राहणाऱ्या एखाद्याच्या मागे जायचं तर वाट हायदूंकडे जाते, टांकसाळीतल्या इश्माएलींकडे नाही.

आणि 'कर' चा नियम इथेही तसाच. नाशकात राहणाऱ्याला नाशिककर म्हणून कोण ओळखणार? तो गाव सोडून संगमनेरला गेला की नाशिककर होतो. बोसोर्मेन्यी हे नावही त्या गावात नव्हे, गाव सोडून गेलेल्यांना शेजाऱ्यांनी दिलेलं. म्हणून मी जुन्या करयाद्यांत शोध घेताना दोन्ही बोसोर्मेन्य गावांवर ठाण मांडून बसलो होतो ते चुकलंच. भोवतालची गावं आधी बघायला हवी होती. १७१५ आणि १७२० च्या देशव्यापी करगणनांवरून हंगेरियन अभ्यासकांनी आडनावांचा नकाशाच तयार केला आहे, आणि आता माझं सगळं काम त्याच्या आधाराने चालू आहे. त्यात फक्त कर भरणारी घरं येतात, सरदार घराणी सुटतात, हे लक्षात ठेवून.

आता आजची संख्या. हंगेरीचं सरकार सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढतं, पहिली शंभर. वरची पाच वर्षानुवर्षं तीच: नॉद्य (थोरला, मोठा), कोवाच (लोहार), तोथ (स्लाव्ह, स्लोव्हाक), सॉबो (शिंपी), होर्वाथ (क्रोएट). सुमारे ९५ लाखांच्या देशात नुसते नॉद्यच दोन लाखांवर आहेत. बोसोर्मेन्यी त्या शंभरात नाही. 'ई' वाली आडनावं त्या यादीत एकूणच कमी. सिलाद्यी आहे, शोमोद्यी आहे, पण ती दोन्ही अख्ख्या प्रांतांच्या नावांवरून आलेली.

असं का, याचं उत्तरही आपल्या ओळखीचं आहे. लोहार प्रत्येक गावात असतो, म्हणून कोवाच हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवला. आपल्याकडे कुलकर्णी असाच गावोगाव उगवला. गावाच्या नावाचं आडनाव मात्र त्या एका गावातून फुटतं, तेही जे लोक बाहेर पडले त्यांच्यापुरतं. त्यामुळे 'ई' वाली आडनावं असंख्य, आणि त्यातलं प्रत्येक छोटं. बोसोर्मेन्यीला दोन गावांचा आधार, म्हणून ते अगदी नष्टप्राय नाही. हंगेरीत ते ऐकून कोणी चमकत नाही. खरं दुर्मीळ आहे ते शेपटीवाचूनचं, नुसतं 'बोसोर्मेन्य' हे आडनाव. माझ्या वहीत ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आलं आहे, आणि तिथे मात्र अर्थ खुला राहतो. गावावरून 'ई' न लावताही आडनाव पडू शकतं, आणि लोकवाचक शब्दावरून थेटही.

मोजणीत काय काय होतं ते इथल्या मंडळींना सांगितलंच पाहिजे, कारण तुमच्यापैकी काही जण याच वाटेने जातील.

पहिल्या रात्री शोधपेटीत शब्द टाकला आणि निकालांचा पूर आला. मी हरखलो. मग एकेक उघडून बघतो तर जिकडेतिकडे 'बोसोर्मेन्यी उत'. 'उत' म्हणजे रस्ता! देब्रेत्सेनहून बोसोर्मेन्यकडे जाणारा मोठा रस्ता, आणि त्याच रस्त्यावर तिथल्या विद्यापीठाचा शेतीशाखेचा परिसर. प्रत्येक पत्रकात, प्रत्येक पत्त्यात तो रस्ता. म्हणजे मुंबईत 'घोडबंदर' आडनावाचा माणूस शोधायला निघावं तसं झालं. त्यातून 'बोसोर्मेन्यी' हे साधं विशेषणही आहे, 'बोसोर्मेन्यचा' या अर्थी. लहान अक्षराने लिहिलं तर विशेषण, मोठ्या अक्षराने लिहिलं तर आडनाव. पण वाक्याच्या सुरुवातीला आलं की काही कळत नाही.

त्यात हंगेरियनही मराठीसारखीच शेपटं लावणारी भाषा. देशपांडे, देशपांड्यांना, देशपांड्यांकडे, तसंच बोसोर्मेन्यी, बोसोर्मेन्यीनेक, बोसोर्मेन्यीवेल. आणि 'बोसोर्मेन्यीएक' म्हणजे 'बोसोर्मेन्यी मंडळी'. हे शेवटचं रूप मला फार आवडतं, एका अक्षरात सगळं घर येतं. शोधताना मात्र ही सगळी रूपं वेगवेगळी टाकावी लागतात.

बायकांचं आणखी वेगळं. परंपरेने लग्नानंतर नवऱ्याच्या पूर्ण नावाला 'ने' लावायची पद्धत, म्हणजे अमुक तमुकची बायको. त्या नावात बाईचं स्वतःचं नाव कुठेच नसतं. जुन्या यादीत ती नवऱ्याखाली मोजली जाते किंवा दोनदा मोजली जाते. आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांतल्या 'सौ.' मध्ये निदान पहिलं नाव तरी उरायचं.

मग जोडनावं. आमच्या डॉक्टरांचं 'बोसोर्मेन्यी-नॉद्य' हे याच कारणाने रचलेलं दिसतं. गावात नॉद्य इतके, की कुठला नॉद्य ते सांगायला पुढे गाव लावायचं, बोसोर्मेन्यकर नॉद्य. अशा जोडीतला एक तुकडा पुढच्या पिढीत गळू शकतो, म्हणून कालचा नॉद्य आज बोसोर्मेन्यी म्हणून दिसेल. अमेरिकेत तर टिंबं गळाली, हंगेरियन क्रमात आधी येणारं आडनाव मागे गेलं, आणि सूचीत ते कधी 'बी' खाली तर कधी 'एन' खाली. मी दोन्हीकडे मोजून एकाच माणसाचे दोन केले होते. ते खोडलं.

जुन्या चर्चच्या नोंदवह्यांत तर टिंबांना शिस्तच नाही. टिंबवाल्या 'ओ' च्या जागी कारकून 'ई-ओ' जोडून लिहायचा. एओत्वोश या प्रसिद्ध घराण्याचं आडनाव आजही तसंच लिहितात, अर्थ साधा सोनार. एका मायक्रोफिल्मच्या पानावर मी चार रात्री अडलो होतो, कारण सूची करणाऱ्याने पहिलं 'बी' अक्षर 'व्ही' असं वाचलं होतं. पान मोठं करून शाईचा ओघ बघितला तर उभ्या रेघेचा खालचा फुगा फिकट पडलेला, पण आहे. चहा गार झाला होता. बायको म्हणाली, "सापडला का तुमचा हंगेरियन?" सापडला होता.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या, कॅथलिकांच्या बहुतेक लॅटिनमध्ये. आणि १८८१ नंतरच्या प्रत्येक नोंदीशी थोडं जपून. त्या वर्षी नाव बदलायचं शुल्क ५ फोरिंटांवरून ५० क्रॉयत्सरवर, म्हणजे अर्ध्या फोरिंटवर आणलं गेलं, आणि जर्मन, स्लाव्ह, यहुदी घरांनी मोठ्या संख्येने हंगेरियन आडनावं घेतली. गावाच्या नावाला 'ई' लावणं हा त्यातला सोपा मार्ग. तेव्हा एखाद्या बोसोर्मेन्यीचा त्या गावाशी काडीचाही संबंध नसेल हेही शक्य आहे.

शेवटची अडचण सीमेची. १९२० च्या त्रियानोन तहात हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग गेला. बिहार जिल्ह्याचं मुख्य शहर नॉद्यवाराद आज रोमानियात 'ओरादेया' आहे. बेरेकबोसोर्मेन्य हंगेरीत राहिलं, पण तिथून निघालेली माणसं ज्या बाजूला जायची ती बाजू गेली. म्हणून नुसती आजच्या हंगेरीची मोजणी अर्धवट. युक्रेनच्या कोपऱ्यातल्या हंगेरियनांसाठी सिरिलिक लिपीतलं रूपही शोधतो आहे.

जाता जाता, ही 'ई' आपल्या देशात दार्जिलिंगच्या दफनभूमीतही पोचली आहे. तिबेटी-इंग्रजी कोश करणारा, ११ एप्रिल १८४२ ला तिथे वारलेला चोमा शान्दोर स्वतःला 'कोरोशी चोमा' म्हणवायचा, कोरोश गावचा चोमा. इंग्रजी पुस्तकांत त्याचा 'चोमा द कोरोश' झाला. 'द' म्हणजे तीच 'ई'. पुढे गावानेच त्याचं नाव घेतलं आणि ते चोमाकोरोश झालं. माणूस गावावरून आणि गाव माणसावरून, दोन्ही एकाच ठिकाणी.

पुढच्या महिन्यात बेरेकबोसोर्मेन्यच्या भोवतालची गावं, एकेक करून. नुसत्या 'बोसोर्मेन्य' ची पानं वेगळ्या वहीत काढली आहेत, लाल पुठ्ठ्याच्या. पुतणीची परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत तिने नाव बरोबर उच्चारलं, पण समोरच्या बाईंनी "बोस्झोर्मेनी" असं दुरुस्त केलं म्हणे.