गँगस्टरपटांचा तक्ता: १९३२च्या ओळीत दोन शेवट

गँगस्टरपटांचा तक्ता भरणं चालू आहे, एका चित्रपटाला एक ओळ. मागच्या नोंदीनंतर तो सरकला जेमतेम एक ओळ. पण ती ओळ ‘स्कारफेस’ची आहे, हॉवर्ड हॉक्सच्या, १९३२च्या. (अल पचिनोच्या ‘स्कारफेस’वाल्यांनी दम धरावा, १९८३ अजून लांब आहे.) गाडी अडली ‘शेवट कोणाच्या हातून’ या रकान्यात. खुणा तीनच ठरल्या होत्या: पो, टो, स्व. पोलीस, टोळी, स्वतः. १९३१चे दोघे बिनतक्रार बसले, ‘लिटल सीझर’ला पो आणि ‘द पब्लिक एनिमी’ला टो. ‘स्कारफेस’च्या नायकाला, टोनी कमोंटेला, मात्र एका प्रतीत पोलीस रस्त्यावर गोळ्या घालतात आणि दुसऱ्या प्रतीत तो फासावर जातो. फाशीला आपल्याकडे खूणच नव्हती.

दोन शेवट कसे झाले ते आधी, कारण प्रत ओळखायला तेच लागतं. चित्रीकरण १९३१चं. गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा होताना दिसली पाहिजे, असा सेन्सॉरचा धोशा होता. निर्माता हॉवर्ड ह्यूजने दुसरा शेवट करून घेतला, पण तोवर टोनी झालेला पॉल म्युनी न्यू यॉर्कला रंगभूमीवर अडकलेला. मग बदली माणूस उभा केला. त्यामुळे या शेवटात अटकेनंतर टोनीचा चेहराच दिसत नाही. न्यायाधीश लांबलचक सुनावतो आणि वधस्तंभ दिसतो तो वरून. एवढं करूनही न्यू यॉर्कच्या सेन्सॉरला ते पचलं नाही ते नाहीच. शेवटी १९३२मध्ये ह्यूजने गोळ्यांचाच शेवट ठेवला आणि पुढे निवेदन जोडून चित्रपट बाहेर काढला.

म्हणून ‘गोळ्यांची प्रत म्हणजे अस्सल प्रत’ हे समीकरण तक्त्यातून काढून टाकलं आहे. त्या प्रतीतही ठिगळं आहेत. ‘द शेम ऑफ द नेशन’ हे उपशीर्षक, सुरुवातीचं ‘सरकार काय करतंय, तुम्ही काय करणार’ छापाचं निवेदन आणि मध्येच वृत्तपत्राचा मालक देतो ते व्याख्यान. त्या व्याख्यानाची चाल बाकीच्या चित्रपटाशी इतकी विजोड आहे की कॅमेऱ्यामागे दुसरं कोणी होतं हे सांगावं लागत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. पोलादी झडपा, टोनीच्या बहिणीला, चेस्काला, लागलेली गोळी, अश्रुधूर, इथवर दोन्ही प्रती सारख्याच. यानंतर टोनी गयावया करतो, एकदम पळत सुटतो आणि कोसळल्यावर कॅमेरा ‘द वर्ल्ड इज युवर्स’च्या दिव्यांच्या पाटीकडे वर जातो, ती प्रत ‘अ’. न्यायाधीश दिसला की ‘ब’. काही प्रतींत ‘अ’ संपल्यावर ‘ब’चा शेवट शेपटासारखा चिकटवलेला असतो. तिथे एकूण लांबी पाहून निष्कर्ष काढलात तर फसलात.

लांबीनेच जास्त छळलं. दोन प्रतींत तासाभरानंतरच्या प्रसंगांत अडीच मिनिटांची तफावत निघाली आणि मध्ये कात्री लागली असणार असं धरून अख्खी रात्र प्रसंग जुळवण्यात गेली. कात्री कुठेच नव्हती. एक प्रत पाल (युरोपातली टीव्ही-डीव्हीडी पद्धत) डिस्कवरून आलेली, म्हणजे २४ फ्रेमचा चित्रपट सेकंदाला २५ने पळवलेला. साधारण ९३ मिनिटांचा ऐवज ८९मध्ये संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. आता क्रम असा:

आधी मीडियाइन्फोत (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) फ्रेमदर बघा. २५ असेल तर प्रत्येक वेळेला १.०४३ने गुणा, म्हणजे ती २३.९७६च्या (डिजिटलमधल्या २४च्या) प्रतीशी जुळेल. मग दोन खिळे ठोका. पहिला खिळा, बिग लुईच्या खुनाआधी भिंतीवरच्या सावलीची शीळ (डोनिझेट्टीचा ‘लुचिया’). दुसरा, टोनीचा साथीदार झालेल्या जॉर्ज राफ्टचं नाणं. आख्ख्या चित्रपटात तो ते उडवून झेलतो, दारात गोळी लागल्यावर झेलत नाही. तो फ्रेम पकडा. दोन खिळ्यांमधलं अंतर गुणाकारानंतरही जुळलं नाही, तरच कात्रीचा संशय घ्या.

नाण्यासाठी व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरू नका. ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे जाते, पण मागे यायची सोय नाही. एक फ्रेम हुकली की पुन्हा पहिल्यापासून. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये टिंब पुढे नेतं, स्वल्पविराम मागे आणतो. दिसायला भिकार, कामाला चोख.

यापुढे मिनिटं नाहीत, टक्के. प्रसंग एकूण लांबीच्या कितव्या टक्क्यावर येतो तेवढंच लिहायचं. ग्रिफिथच्या १९१२च्या ‘मस्केटियर्स ऑफ पिग ॲली’चं दुखणंही यानेच मिटलं, कारण मूकपटाचा वेग प्रत्येक प्रतीत निराळा. अपवाद ‘जी-मेन’: १९४९च्या पुनर्प्रदर्शनात त्याला नवीन प्रास्ताविक प्रसंग जोडला, तेव्हा मोजणी १९३५च्या शीर्षकापासून.

या उलथापालथीत ‘पाटी’चा रकाना मात्र फळला. १९२७च्या ‘अंडरवर्ल्ड’मध्ये ‘द सिटी इज युवर्स’ अशी दिव्यांची पाटी आहे. १९३१ला ‘लिटल सीझर’मधला रिको मरतो तो जाहिरातफलकाच्या आड, आणि फलक कोणाच्या कार्यक्रमाचा, तर त्याची साथ सोडून नाचात नाव काढलेल्या मित्राच्या. १९३२ला, ‘स्कारफेस’मध्ये, शहराचं जग झालं. पहिली आणि तिसरी पाटी, दोन्हीकडे लेखनात बेन हेक्ट. सलग तीन ओळी भरलेला हा एकमेव रकाना. फुल्यांचा रकाना वेगळा करायची सूचना मात्र फेटाळली. ‘स्कारफेस’मध्ये गॅरेजच्या छतातल्या कैचीत फुल्या, बोरिस कार्लोफ मरतो तेव्हा बोलिंगच्या गुणपत्रिकेवर फुली, टोनीच्या गालावर फुली. सगळं खरं, पण ती एकाच चित्रपटाची मिजास आहे. एका ओळीसाठी रकाना वाढवायचा नाही.

आता ३२-अ आणि ३२-ब अशा दोन ओळी करायचं ठरलं होतं. हे लिहितानाच ते बारगळलं. सर्जिओ लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ (१९८४) २२९ मिनिटांचा, आणि अमेरिकेत लावला तो १३९ मिनिटांचा, पुढेमागे होणारे प्रसंग सरळ काळाच्या क्रमाने लावून. तिथे टक्केही निकामी आणि ओळी किती करणार? त्याऐवजी ओळ एकच ठेवायची, ‘फा’ ही चौथी खूण घ्यायची आणि नवा रकाना उघडायचा: मरताना चेहरा दिसतो का.

कारण ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ (१९३८) चाळून पाहिला. विजेच्या खुर्चीकडे नेताना रॉकी झालेला जेम्स कॅग्नी किंचाळतो तेव्हा पडद्यावर सावली आहे, रेडिएटरला घट्ट धरलेले हात आहेत, चेहरा नाही. ‘स्कारफेस-ब’मध्ये नट हजर नव्हता म्हणून चेहरा नाही, इथे नट हजर असून तो लपवलाय, रॉकी खरंच भेदरला की पाद्र्यासाठी सोंग करतोय हे कळू नये म्हणून. दोन्हीकडे मारणारं सरकार. उलट ‘द रोअरिंग ट्वेंटीज’मध्ये (१९३९) टोळीची गोळी, चर्चच्या पायऱ्या आणि तोच कॅग्नी उघड्या चेहऱ्याने.

तेव्हा १९८३कडे उडी रद्द. पुढच्या खेपेला १९३४ ते १९३९ सलग, ‘शेवट’ आणि ‘चेहरा’ हे दोनच रकाने भरत. रॉकीच्या ‘भेदरला?’ या चौकोनात तूर्त प्रश्नचिन्ह टाकलं आहे. पुसायचं असेल तर फ्रेम क्रमांकासकट या.