चित्राचा परतीचा प्रवास आधी आखा

परदेशातल्या समूह प्रदर्शनासाठी निवड झाली की सगळं लक्ष चित्र वेळेत पोचण्याकडे लागतं. नुकसान मात्र परतीच्या वाटेवर जास्त होतं, कारण तेव्हा पेटी भरणारे हात दुसऱ्याचे असतात. म्हणून झाकण खिळ्यांनी ठोकू नका, स्क्रूने बसवा आणि कोणता थर कशावर येतो याचे फोटो झाकणाच्या आतून चिकटवा.

पेटी साध्या लाकडाची असेल तर आयएसपीएम १५ या, लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलेलं लागतं, आणि तसा शिक्का पेटीवर हवा. प्लायवूडला ही अट नाही. पण त्याच पेटीच्या तळाला ठोकलेल्या जाड लाकडी पट्ट्यांना आहे, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

बबल रॅप रंगावर थेट नको, फुग्यांचे गोल ठसे उमटतात. अ‍ॅक्रिलिक तर उष्णतेत मऊ पडून कागदालाही धरतं आणि कडक थंडीत ठिसूळ होतं. पृष्ठभागाला काहीच टेकणार नाही अशी खोल चौकट सर्वांत बरी. कॅनव्हास गुंडाळायचाच तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो.

मग वजनाचा हिशोब. १२० × १०० × २० सेंटिमीटरची पेटी प्रत्यक्षात १५ किलो भरली तरी विमानाने पाठवताना लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागून ४० किलोचे पैसे लागतात. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे ४८. चित्राचा आकार ठरवतानाच हे गणित मांडलेलं बरं.

चित्र विकायचं नसेल तर एटीए कार्ने, म्हणजे वस्तू आयात शुल्क न भरता तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याचा कस्टम्सचा कागद, सोयीचं: जास्तीत जास्त एक वर्ष, तेही दोन्ही देश ते मानत असतील तरच. विक्रीची शक्यता असेल तर ते काढू नका. कस्टम्ससाठी किंमत कमी दाखवण्याचा मोह होतो, पण मग चित्र फाटलं की विम्याचा दावाही त्याच कागदावर अडतो.

करारात दोन गोष्टी शोधा: परतीचा खर्च कुणाचा, आणि विमा येण्याजाण्यासकट आहे की फक्त गॅलरीतल्या दिवसांपुरता. बांधण्याआधी चारही कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे तारखेसह फोटो काढा.

पेटी परत आली की २४ तास न उघडता खोलीत राहू द्या. गार पेटी लगेच उघडली तर चित्रावर दव धरतं.