पाच थाऊच्या आत : आमची वाटचाल

जीपमधून इंजिन काढायला दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. बसवायला आम्ही तीन दिवस घेतो. ‘समोरचा गॅरेजवाला एका दिवसात देतो की,’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की तीन दिवस का लागतात ते आता एकदा लिहूनच ठेवतो.

१९९१ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज सुरू केलं. भांडवल म्हणजे एक चेन ब्लॉक, लोखंडी तिपाई, पान्यांचा डबा आणि मामा. मामा शेजारच्या लेथवरचे टर्नर. नात्यानं माझे कुणी नव्हते, पण त्यांच्याशिवाय हे गॅरेज उभं राहिलं नसतं.

त्या काळी काम मुख्यतः एकच असायचं : पेट्रोल जीपला डिझेल इंजिन. सीजे-३बी या जीपमध्ये हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन यायचं, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. हे उंच इंजिन मावावं म्हणूनच विलीज कंपनीनं या जीपचं बॉनेट उंच केलं होतं. इंजिन गुणी, पण वडापवाल्याला, म्हणजे जीपमधून सवाऱ्या नेणाऱ्याला, पेट्रोल परवडेना. मग हरिकेन उतरवून ट्रॅक्स गाडीतलं ओएम ६१६ डिझेल इंजिन बसवायचं आणि मागचा टी-९० गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस तसाच ठेवायचा. इंजिनाची आणि क्लच हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट.

सगळा खेळ त्या प्लेटचा. बोल्टच्या भोकात बोल्ट थोडा सैलच असतो, त्यामुळे प्लेट नुसती आवळली तर ती कुठेही बसते. मामा म्हणायचे, “बाळ, बोल्ट धरून ठेवतो. जागा दाखवते ती डॉवेल.” डॉवेल म्हणजे भोकात घट्ट बसणारी पिन. म्हणून आधी प्लेट आणि हाउसिंग हलकं आवळायचं, फ्लायव्हीलवर डायलचा, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापयंत्राचा, स्टँड लावायचा, टोक हाउसिंगच्या बोअरला, म्हणजे मधल्या गोल भोकाला, टेकवायचं आणि क्रँक हातानं सावकाश फिरवायचा. काटा हलला की तांब्याच्या हातोडीनं हाउसिंगला हलकी थाप. पुन्हा फिरवायचं, पुन्हा थाप. पूर्ण फेऱ्यात काटा पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आला, की मगच डॉवेलची भोकं पाडून रीमर मारून ती नेमक्या मापाची करायची. कधी यात दुपार जायची, कधी दोन दिवस. मामांची ती डायल अजून माझ्याकडे आहे. काच एकदा बदलली, काटा तोच.

आमच्याकडे एक पोरगा सहा वर्षं होता. क्लच प्लेट कुठली बाजू आत हे मी त्याला हाताला धरून शिकवलं. एका दिवाळीनंतर तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी रस्त्याच्या पलीकडे त्याचं गॅरेज उघडलं, आणि त्याच आठवड्यात आमच्या खुंटीवरचा अडॅप्टर प्लेटचा फर्मा, म्हणजे भोकं आखायचा नमुना, नाहीसा झाला. पोलिसात गेलो नाही. मामा नको म्हणाले.

त्या फर्म्यावर फक्त बोल्टची भोकं होती. डॉवेलची नव्हती, असणारच नव्हती, कारण ती प्रत्येक गाडीला डायल लावल्यावर पडतात. त्यानं फर्म्यावरून प्लेटा कापल्या आणि बोल्टवर आवळून गाड्या सोडल्या. एका दिवसात काम, पैसेही आमच्यापेक्षा कमी. आमचं गिऱ्हाईक बघता बघता पलीकडे गेलं.

पावसाळा संपेपर्यंत त्या गाड्या कण्हायला लागल्या. पायलट बुश खाल्लेला, इनपुट बेअरिंगचा आवाज, घाटात दुसरा गिअर सुटतोय. पण प्लेट दिसायला हुबेहूब आमच्यासारखी. “ही तुमचीच प्लेट ना?” असं विचारत लोक आमच्या दारात येऊन शिव्या द्यायचे. चार महिने एकही इंजिन आलं नाही. घरच्यांच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. मामांनी स्वतःचा लेथ विकायची बोलणी केली, हे मला नंतर कळलं. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

त्या वेळी गगनबावड्याचे तात्या आले. बावड्याच्या रस्त्यावर वडाप, रोजचा घाटाचा चढउतार. त्यांच्या जीपला डिझेल आम्हीच बसवलेलं, दोन पावसाळे झाले होते. पलीकडच्याकडून फसलेला एक ड्रायव्हर आणि स्टँडवरची आठ-दहा मंडळी बरोबर घेऊन आले. म्हणाले, “त्याची गाडी खोला, माझीबी खोला. समद्यांच्या म्होरं खोला.” धंद्याच्या दिवशी स्वतःची चालू गाडी खोलायला लावणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

आधी त्या ड्रायव्हरच्या गाडीला डायल लावली. काटा अडतीस थाऊ फिरला. तात्यांच्या गाडीला चार. मामांनी एक शब्द न बोलता डायल ड्रायव्हरच्या हातात दिली आणि क्रँक त्यालाच फिरवायला लावला. महिनाभरात कामं परत आली.

पलीकडचं गॅरेज आजही आहे. फर्मा नेल्याचं त्यानं आजवर कबूल केलेलं नाही. मामा गेले तेव्हा तो आला होता, लांब उभा राहून गेला.

नवीन पोरांना दोन गोष्टी सांगतो. गिअरबॉक्स आत सरकवताना शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि अडला, तर बोल्ट आवळून ओढू नका. गिअरबॉक्सचा कान तुटतो. बाहेर काढा, क्लच प्लेट पुन्हा मध्यावर घ्या. आम्ही जुन्या टी-९० चा इनपुट शाफ्ट कापून त्यासाठी डमी केलीय. आणि गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लोंबू देऊ नका, खाली जॅक हवाच. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग पाना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा.

मधल्या वर्षांत काम चालत राहिलं. आता उलटं झालंय. लोक डिझेल काढून मूळ हरिकेन परत मागतात. गेल्या वर्षी तात्यांच्या मुलानं तीच जीप आणली. उतरवलेलं हरिकेन तात्यांनी ग्रीस लावून, पोत्यात बांधून गोठ्यात जपलं होतं. मूळ हाउसिंग मात्र भंगारात गेलेलं. दुसरं मिळवलं, डायल लावली, काटा एकोणीस फिरला. दीड दिवसात चारवर आणला. प्लग काढून, ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत सेल्फ मारला. मग प्लग लावले आणि तात्यांनी हँडल मागितलं. वय झालंय, मुलगा नको म्हणत होता. तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं.

दुसऱ्या दिवशी बावड्याहून तात्यांचा फोन आला. “सगळा घाट उतरून वर आलो. दुसरा सुटत न्हाई,” एवढंच बोलले.